गोव्याहून कार्ल्याचं चैत्यगृह: कधी जावं, काय पाहावं, कुठे फसगत होते

लोणावळ्याजवळच्या कार्ल्याला जाणारे बहुतेक जण एकवीरा देवीच्या दर्शनाला जातात, रांगेत तासभर उभे राहतात आणि दर्शन झालं की शेजारची गुंफा पाच-दहा मिनिटांत उरकून उतरायला लागतात. गोव्यातून पाचशे किलोमीटरांचा प्रवास करून जाणाऱ्याने तरी असं करू नये. आतलं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनादालन, हे आपल्या देशातलं डोंगरात कोरलेलं सर्वांत मोठं चैत्यगृह आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड अजून त्याच्या छताला आहे, आणि ते नीट पाहायला दीड तास लागतो. गडबड नसेल तर दोन. आमचा शेरा आधीच सांगतो: वास्तूला दहापैकी दहा, तिच्याभोवतीच्या सोयींना दहापैकी चार. दिवस आणि वेळ चुकली, तर त्या दहाचेही पाच होतात.

आधी पोचायचं कसं ते. पणजी, म्हापसा किंवा मडगावहून रात्रीची पुण्याची बस सगळ्यांत सोपी. पहाटे पुण्यात उतरायचं आणि पुणे किंवा शिवाजीनगर स्टेशनावरून लोणावळा लोकल पकडायची. लोणावळ्याच्या आधीचं स्टेशन मळवली. तिथे उतरलं की एका बाजूला कार्ला, दुसऱ्या बाजूला भाजे; तिथेही लेणी आहेत. कार्ल्याचा पायथा तिथून चार-पाच किलोमीटर, रिक्षा मिळते. भाजे गावात चालत अर्ध्या तासात पोचता येतं. रेल्वेनेच जायचं असेल तर वास्कोहून निघणारी गोवा एक्सप्रेस कुळे, लोंढा, बेळगाव, मिरजमार्गे पुण्याला नेते. कोकण रेल्वेने पनवेलला उतरून घाट चढून लोणावळ्याला येण्याचाही मार्ग आहे, पण त्यात एक बदल वाढतो आणि सामान असेल तर दमछाक होते.

इथे गोव्यातल्या लोकांची हमखास फसगत होते ती मुंबईच्या बसमध्ये. पुण्यावरून मुंबईला जाणाऱ्या बसचं तिकीट काढतात आणि वाटेत कार्ला फाट्यावर उतरू म्हणतात. बस द्रुतगती मार्गाने गेली तर कार्ला फाटा लागतच नाही. फाटा जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर आहे. द्रुतगतीवर मध्येच उतरवून घेणं धोक्याचं आहे आणि चालक थांबवतही नाहीत. म्हणून एक तर पुण्यालाच उतरा, नाहीतर बस लोणावळ्यात थांबते का हे तिकीट काढतानाच विचारून घ्या. दुसरी गोष्ट लोकलची. सकाळी आणि संध्याकाळी गाड्या ठीक असतात, दुपारी मात्र विरळ होतात. मळवलीला दुपारी ताटकळत बसायचं नसेल तर परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच बघून ठेवावी.

स्वतःची गाडी असेल तर साखळीहून चोर्ला घाट, बेळगाव, कोल्हापूर, सातारा, पुणे असा रस्ता. एका दिवसात गाडी हाकून त्याच दिवशी लेणी बघायचा बेत करू नका; लेणी संध्याकाळी पाचला बंद होतात आणि थकलेल्या डोळ्यांना आतल्या अंधारात काही दिसत नाही. रात्री पुण्यात किंवा लोणावळ्यात मुक्काम करावा.

पायथ्यापासून वर सुमारे साडेतीनशे पायऱ्या आहेत. गाडी रस्त्याने बरीच वर जाते, त्यामुळे वाहनतळापासून चढायच्या पायऱ्या त्याहून बऱ्याच कमी होतात. वयस्कर माणसं सोबत असतील तर हा हिशोब महत्त्वाचा. पायऱ्या बांधीव आहेत, दोन्ही बाजूंना नारळ-ओटीची, खेळण्यांची, सरबताची दुकानं आहेत, त्यामुळे सावली आणि बसायला जागा मिळत राहते. पावसात मात्र याच पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि लोकांच्या पायांनी चिखल येतो. गुळगुळीत तळाची चप्पल त्या दिवशी घालू नये. पाण्याची बाटली खालूनच भरून घ्यावी.

लेणी सकाळी नऊला उघडतात. तिकीट भारतीयांना २५ रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. देवीच्या दर्शनाला तिकीट नाही, लेण्यांना आहे, हे रांगेत उभं राहताना लक्षात ठेवावं. तिपाई लावून फोटो काढायचे तर आधी परवानगी लागते. हातातल्या मोबाइलला कोणी अडवत नाही.

आता दिवस निवडण्याबद्दल, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. एकवीरा ही कोळी, आगरी आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू अशा कितीतरी कुळांची देवी. तिचं देऊळ चैत्यगृहाच्या तोंडाशीच आहे, अगदी अंगणात. नवरात्रात आणि चैत्रातल्या यात्रेत तिथे मुंगीला शिरायला वाट नसते. रविवार, मंगळवार, शुक्रवारही गर्दीचे. ढोल-ताशे, घंटा, नवसाच्या मिरवणुका हे सगळं देवीच्या भक्तांचं आहे आणि त्यांच्या जागी योग्यच आहे. पण त्या आवाजात चैत्यगृहातला प्रतिध्वनी आणि शांतता दोन्ही हरवतात. गोव्यातून जाणाऱ्यांच्या सुट्ट्या बहुधा नाताळच्या आठवड्यात किंवा चवथीच्या आगेमागे असतात. नाताळात लोणावळा मुंबईकरांनी भरलेला असतो, आणि चवथीला पाऊस संपलेला नसतो. जमलं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला बुधवार किंवा गुरुवार धरावा.

वेळेचं गणित थोडं वेगळं आहे. चैत्यगृहाचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी नऊला गेलात तर गर्दी कमी, पण दर्शनी भाग सावलीत आणि आत काळोख. दुपारी तीननंतर ऊन समोरून येतं, वरच्या नालाकृती खिडकीतून आत शिरतं आणि मधल्या दालनात पुढे सरकत जातं. हिवाळ्यात सूर्य खाली असतो म्हणून उजेड जास्त आत पोचतो. बांधणाऱ्यांनी दारं लहान आणि खिडकी प्रचंड का ठेवली, हे त्या वेळी डोळ्यांनी कळतं: उजेड एकाच ठिकाणाहून, वरून यावा आणि स्तूपावर पडावा, बाजूच्या वाटा अंधारात राहाव्यात. म्हणून आमचा सल्ला, सकाळी भाजे उरकावं आणि कार्ल्याला अडीच-तीनच्या सुमारास वर पोचावं.

आत शिरण्याआधी बाहेरच अर्धा तास द्यावा. डाव्या हाताला सिंहस्तंभ आहे, वर चार सिंह पाठीला पाठ लावून बसलेले. आपल्याकडच्या देवळांपुढे दीपस्तंभ असतो त्या जागी हा उभा आहे. उजवीकडेही असाच एक असावा आणि त्याच जागी आज देवीचं देऊळ आहे, असं अभ्यासक मानतात. स्तंभावर ब्राह्मी लिपीत लेख आहे: गोतीचा मुलगा महारठी अगिमित्रणक याने हा सिंहस्तंभ दान दिला. दाता राजा नाही, महारठी म्हणजे स्थानिक सरदार आहे, हे ध्यानात घ्यावं. पुढे आत गेल्यावर दात्यांची यादी आणखी खाली, बाजारापर्यंत उतरते.

ओसरीत आल्यावर दोन्ही टोकांच्या भिंतींकडे बघा. प्रत्येक भिंतीच्या तळाशी तीन हत्ती, सोंडेपासून पुढच्या पायांपर्यंत, जवळजवळ जिवंत हत्तीएवढे, जणू पाठीवर मजल्यावर मजले पेलून उभे. त्यांच्या तोंडाशी खाचा दिसतील. सुळे दगडाचे नव्हते, वेगळे करून बसवलेले होते. ते गेले आणि भोकं राहिली. मधल्या दाराच्या दोन्ही बाजूंना स्त्री-पुरुषांच्या जोड्या आहेत. अंग थोडं वळलेलं, खांद्यावर हात, डोक्यावर जड पागोटं, बाईच्या पायांत ठसठशीत वाळे. याच भिंतीवर मध्ये मध्ये बुद्धमूर्तीही आहेत, पण त्या नंतरच्या आहेत, चार-पाचशे वर्षांनी मोकळ्या जागा शोधून कोरलेल्या. मूळ लेणं खोदलं तेव्हा बुद्धाची मूर्ती घडवायची रीत इथे नव्हती, वंदन स्तूपाला होई. हे माहीत नसलं की लोक सगळं एकाच काळाचं समजतात आणि आत बुद्धमूर्ती शोधत फिरतात.

ओसरीच्या डाव्या टोकाला जो लेख आहे तो गोवेकराने तरी चुकवू नये. ‘वेजयंतितो सेठिना भूतपालेन सेलघरं परिनिठपितं जंबुदीपम्हि उतमं’. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठीने हे जंबुद्वीपातलं, म्हणजे भारतातलं, उत्तम शैलगृह (डोंगरात कोरलेलं घर) पुरं केलं. ही वैजयंती म्हणजे कारवारपलीकडे शिरसीजवळचं बनवासी. पुढे तिथे कदंबांची राजधानी झाली आणि त्यांच्याच कुळाचं नाव सांगणाऱ्यांनी गोव्यावर राज्य केलं. आपल्या सरकारी बसवर जे नाव आहे ते त्याच कुळाचं. म्हणजे आपल्या शेजारच्या मुलखातला एक व्यापारी घाटमाथ्यावर येऊन एवढ्या मोठ्या कामाचा शेवट स्वतःच्या नावावर करतो. ‘जंबुद्वीपात उत्तम’ हा त्याचा दावा दालनात शिरल्यावर फुशारकीचा वाटत नाही.

आतलं माप सांगतो: लांबी सुमारे १२५ फूट, रुंदी साधारण ४५ फूट, उंचीही जवळजवळ तेवढीच. काम इसवी सनाच्या आधीच्या शतकात सुरू झालं आणि पहिल्या-दुसऱ्या शतकापर्यंत चाललं असं मानलं जातं. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, स्तूपाच्या मागे अर्धवर्तुळात सात. मागचे सात नुसते अष्टकोनी, तळ नाही, शीर्ष नाही. बाजूच्या खांबांना पायऱ्यापायऱ्यांचा चौथरा, त्यावर घट, अष्टकोनी अंग, उलट्या कमळासारखं शीर्ष आणि त्यावर गुडघे टेकलेले दोन हत्ती. प्रत्येक हत्तीवर दोघं बसलेली, बहुधा स्त्री आणि पुरुष.

या शीर्षांसाठी मान दुखेपर्यंत वर बघावं. एक जोडी निवडा आणि तिच्यावरच टॉर्च धरा. तीत दोघांचे हात एकमेकांच्या खांद्यावर दिसतील, हत्तीची सोंड खाली आलेली, बाईच्या कपाळावरचा दागिना, कानांत जड कुंडलं. पुढच्या खांबावर तेच, पण चेहरे वेगळे. मग बाजूच्या अरुंद वाटेत शिरून त्याच खांबाची मागची बाजू पाहा. तिकडे हत्तींऐवजी घोडे आहेत. वाट अंधारी असल्याने नव्वद टक्के लोक तिकडे जातच नाहीत, म्हणून मोबाइलचा दिवा पुरेल या भरवशावर न राहता खरी टॉर्च न्यावी. मोबाइलचा उजेड पसरट पडतो, कोरीव कामाला तिरपा, अरुंद झोत लागतो. दिवा समोरून न धरता बाजूने धरला की अक्षरंसुद्धा उठून दिसतात.

खांबांवर दात्यांची नावं आहेत. धेनुकाकट नावाच्या गावचे यवन, म्हणजे ग्रीक मुळाचे लोक, यांनी बरेच खांब दिले. सिहधय हे त्यातलं एक नाव. नाव भारतीय, ओळख यवन. एका खांबाचा दाता सोपाऱ्याचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा, सातिमित. त्याच्या लेखात खांबाला ‘ससरीरो थभो’ म्हटलं आहे, म्हणजे शरीरधातू ठेवलेला खांब, आणि त्यावरच्या कमळात त्यासाठी केलेली खोबण अजून दिसते. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने इथल्या भिक्खूंना करजिक गाव दिल्याचा लेखही इथलाच. त्यात या जागेचं जुनं नाव वलुरक असं येतं. लेख वाचता येत नसले तरी हरकत नाही, फक्त ते कुठे आहेत हे शोधावं. बोट लावू नये. घामाने आणि घर्षणाने अक्षरांच्या कडा जातात, आणि हाताच्या उंचीवरची अक्षरं इतरांपेक्षा पुसट आहेत ती त्यामुळेच.

मग छत. लाकडी कमानी एकामागे एक स्तूपापर्यंत गेलेल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा मूळच्या, सागवानी. वजन त्या पेलत नाहीत, डोंगर स्वतःच्या बळावर उभा आहे. मग लाकूड कशासाठी? दगडात कोरण्याआधी ही दालनं लाकडाची बांधली जात, छत तसंच दिसायला हवं होतं, म्हणून दगडात खाचा करून खऱ्या कमानी बसवल्या. स्तूपावरचं छत्रही लाकडाचं आहे. छत्राच्या खालच्या अंगाला बारीक नक्षी आहे. ती दिसायची तर स्तूपाच्या जवळ जाऊन सरळ वर बघावं लागतं. दोन हजार वर्षांचं लाकूड टिकलं कसं, याचं उत्तर जागेत आहे: कठीण बेसाल्टमध्ये आत कोरलेली, पाऊस थेट न पोचणारी, वारा खेळता ठेवणारी जागा. बाहेरच्या पडद्यासारख्या दगडी भिंतीवर जे लाकूड होतं ते गेलं. त्याच्या खाचा दर्शनी खांबांवर आणि भिंतीवर मोजता येतील एवढ्या स्पष्ट आहेत.

चैत्यगृहाच्या दोन्ही अंगांना भिक्खूंचे विहार आहेत, एकावर एक. काही बंद असतात, काहींचे जिने झिजलेले आहेत. लहान खोल्या, दगडी ओटे, पाण्याची टाकी. वेळ असेल तर एक पाहावा, सगळे पाहिले नाहीत तरी चालतं.

आता उणं काय ते. माहितीचे फलक अपुरे आहेत आणि जे आहेत त्यांतून खांब कोणी दिले, मागचे घोडे कुठे, डाव्या टोकाचा लेख कोणाचा यातलं काहीच कळत नाही. एवढ्या मोठ्या वारशाला मराठीत छापलेली एक साधी चार पानी पुस्तिका तिकिटाबरोबर मिळायला हवी. स्वच्छतागृहावर विसंबू नये. माकडं आहेत, खाण्याची पिशवी हातात दिसली की ओढतात. वटवाघळांचा वास पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर तीव्र असतो, दमा असलेल्यांनी तोंडाला रुमाल ठेवावा. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे दगडावर कोरलेली नावं. शाळेच्या सहली येतात, शिक्षक खाली दुकानांत असतात आणि मुलं आत ओरडून प्रतिध्वनी ऐकतात. सहल न्यायची असेल तर वीस-वीसचे गट करावेत आणि प्रत्येक गटाला काय बघायचं हे बाहेर सांगून मगच आत न्यावं.

भाज्याला सकाळी दीड तास पुरतो. चढ बेताचा आहे, तिकीट तेवढंच. लेणी बावीस, आणि चैत्यगृह कार्ल्याहून जुनं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. पुढची भिंत लाकडाची होती, ती नाहीशी झाल्याने आख्खं दालन बाहेरूनच दिसतं. सत्तावीस अष्टकोनी खांब आहेत आणि ते आतल्या बाजूला कललेले आहेत. खरोखरच्या लाकडी मंडपात वरचा दाब बाहेर ढकलतो म्हणून टेकू तिरपे रोवत. दगडात तशी गरज नसताना कारागिरांनी तीच सवय कोरली. कार्ल्याला पोचेपर्यंत खांब सरळ झाले. दोन्ही एकाच दिवशी पाहण्यात हाच फायदा आहे, आणि म्हणून आधी भाजे. पुढे थोड्या अंतरावर लहान-मोठ्या चौदा स्तूपांचा समूह आहे, थेरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंच्या, स्मरणार्थ केलेला. अंपिनिक, धमगिरी, संघदिन अशी नावं त्यांवर आहेत. शेवटच्या बाजूचा विहार, सूर्य आणि हत्तीवरच्या इंद्राच्या शिल्पांचा, चुकवू नका. पावसात मात्र भाज्याच्या धबधब्यावर शनिवार-रविवारी इतकी गर्दी होते की गावात गाडी शिरत नाही.

परतताना चोर्ला घाटाने येणार असाल तर साखळीजवळच्या हरवळ्याच्या गुंफांना अर्धा तास द्यावा, आणि तो परतीलाच द्यावा, जाताना नव्हे. बेसाल्ट डोळ्यांत ताजा असताना चिऱ्यातलं, म्हणजे जांभ्या दगडातलं, काम बघितलं की ते इतकं साधं का, हे सांगावं लागत नाही. जांभा ताजा असताना कुऱ्हाडीने कापता येतो, हवेत राहून कडक होतो, पण तो भोकाभोकांचा असतो. बारीक कडा त्यात धरत नाहीत, पाणी झिरपत राहतं. म्हणून हरवळ्याला चौकोनी खांब, सपाट भिंती आणि लहान गर्भगृहं आहेत. लोक त्यांना पांडवांच्या गुंफा म्हणतात, आत शिवलिंगं आहेत, आणि त्या मुळात बौद्ध होत्या की शैव यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. एका लिंगावर सूर्याचं चक्र आणि ब्राह्मीतला छोटा लेख आहे, तो शोधायलाही तीच तिरपी टॉर्च लागेल. गोव्यात बौद्ध होते याचा पुरावा शोधणाऱ्यांनी कोलवाळच्या मुशीर वाड्यावर १९३० साली इतिहाससंशोधक फादर हेरास यांना सापडलेली बुद्धमूर्ती पाहावी; ती मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातल्या हेरास संस्थेच्या संग्रहात आहे.

हरवळ्याला तिकीट नाही. पावसाळ्यात गुंफांपुढची जमीन भिजून निसरडी होते आणि शेजारच्या धबधब्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या तर त्याहून जास्त, तेव्हा जून ते सप्टेंबर लहान मुलांना घेऊन खाली उतरू नये. गुंफा वरूनच, रस्त्यालगत पाहता येतात.